आज्ञासूची, संगणकीय

संगणकाकडून करून घ्यावयाच्या कामांची नावे पडद्यावर मांडून त्यांतून हवे ते काम निवडण्याची सोय ज्या यादीमुळे होते, तिला आज्ञासूची म्हणतात. व्यवहारात तिला ‘मेनू’ हेच नाव रूढ आहे. हा शब्द मूळचा फ्रेंच असून ‘लहान, बारीक’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून तो आला आहे. बारीकसारीक तपशिलांची यादी व पुढे भोजनगृहातील पदार्थांची यादी असे त्याचे अर्थ झाले. संगणकाच्या संदर्भात तो १९६० नंतरच्या दशकात वापरात आला. ही उपमा अन्वर्थक आहे. भोजनगृहात जाणाऱ्यास पाककृती ठाऊक असावी लागत नाही, फलक वाचून मागणी करता येते. मात्र फलकावर नसलेला पदार्थ त्याला मागता येत नाही. आज्ञासूचीचे गुण व मर्यादा या दोन्ही गोष्टी यात आल्या.

आज्ञासूचीचा इतिहास म्हणजे यंत्राशी व्यवहार करण्याचा भार माणसाच्या स्मरणशक्तीवरून काढून यंत्राच्या पडद्यावर टाकण्याचा इतिहास होय. एखादा शब्द आठवून लिहिणे आणि समोर लिहिलेला शब्द ओळखणे या दोन क्रियांत ओळखण्याची क्रिया पुष्कळच सोपी असते. या साध्या मानसशास्त्रीय तथ्यामुळे संगणक तज्ञांच्या प्रयोगशाळेतून कारकून, शिक्षक, दुकानदार व विद्यार्थी यांच्या मेजावर आला. म्हणूनच यादीत कोणते शब्द असावेत, ते कोणत्या क्रमाने व कोणत्या भाषेत असावेत, हे वरवर किरकोळ वाटणारे प्रश्न प्रत्यक्षात यंत्र कोणाच्या हाती जाणार, हे ठरविणारे प्रश्न होते.

लेखी आज्ञांचा काळ : १९५० नंतरच्या दशकात संगणक वापरणारा माणूस बहुधा संगणकासमोर बसतच नसे. काम छिद्रित पत्रांवर नोंदवून ते यंत्रचालकाच्या स्वाधीन करावे लागे आणि उत्तर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, छापून हाती येई. एका चिन्हाची चूक झाली, तरी सर्व खटाटोप पुन्हा करावा लागे. १९६१ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो (१९२६–२०१९) व त्यांचे सहकारी यांनी कालविभाजन पद्धतीचे प्रात्यक्षिक दाखविले. या पद्धतीत एकाच संगणकाचा वेळ अनेकांत वाटून दिला जाई व प्रत्येकाला दूरमुद्रकावर आज्ञा टंकित करून लगेच उत्तर मिळे. माणूस व यंत्र यांच्यातील संवाद येथून खऱ्या अर्थाने सुरू झाला.

हा संवाद मात्र यंत्राच्या सोयीचा होता. बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून केन टॉम्प्सन (१९४३–  ) व डेनिस रिची (१९४१–२०११) यांनी विकसित केलेल्या युनिक्स या प्रणालीत ‘कॉपी’साठी ‘सीपी’, ‘मूव्ह’साठी ‘एमव्ही’ व ‘रिमूव्ह’साठी ‘आरएम’ अशी दोन-दोन अक्षरांची रूपे योजली होती. त्या काळचे दूरमुद्रक सेकंदाला सुमारे १० अक्षरे छापत व त्यांच्या कळा दाबण्यास जड असत. त्यामुळे आज्ञा जितकी आखूड तितकी ती सोयीची ठरे. सरावलेल्या माणसाला ही काटकसर उपकारक होती, नवख्याला मात्र ती गूढ सांकेतिक भाषाच वाटे. शिवाय ‘आरएम’ ही आज्ञा दिल्यावर फाइल सामान्यतः काहीही न विचारता नाहीशी होई व ती परत आणण्याची सोय नसे.

१९८१ मध्ये आयबीएम कंपनीच्या वैयक्तिक संगणकाबरोबर आलेल्या डॉस या प्रणालीतही हाच प्रकार होता. काळ्या पडद्यावर एक अक्षर व त्यापुढे लुकलुकणारी आडवी रेघ, एवढेच दिसे. पुढे काय लिहावयाचे, हे पडदा सांगत नसे. ‘डीआयआर’ लिहिल्यास फाइलींची यादी मिळते, ‘कॉपी’ लिहिल्यास प्रत होते, ‘डीईएल’ने फाइल पुसली जाते आणि ‘फॉरमॅट’ने सबंध चकती कोरी होते, हे पाठच असावे लागे. अक्षर चुकल्यास आज्ञा किंवा फाइलीचे नाव सदोष असल्याची एका ओळीची सूचना येई. दोहोंपैकी नेमके काय चुकले, हे तीत सांगितलेले नसे. महाराष्ट्रातील गावोगावच्या संगणकवर्गांत १९९० च्या आसपास संगणकशिक्षणाचा आरंभ या शब्दांच्या पाठांतरानेच होई.

यादीचा उगम : आज्ञा पडद्यावर दाखवून त्यांवर बोट ठेवण्याची कल्पना आलेखनाच्या क्षेत्रात प्रथम रुजली. १९६३ मध्ये आयव्हन सदरलँड (१९३८–  ) यांनी ‘स्केचपॅड’ ही आज्ञावली तयार केली. तीत प्रकाशलेखणीने थेट पडद्यावर आकृती काढता येई. पुढे अशा आलेखन-यंत्रांच्या पडद्याच्या कडेला कामांची नावे लिहून प्रकाशलेखणीने त्यांवर टेकविण्याची पद्धत आली. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट (१९२५–२०१३) यांनी पडद्यावरील मजकूर संपादित करण्याचे प्रात्यक्षिक केले आणि माउस हे निर्देशनाचे साधन प्रथमच मोठ्या श्रोतृवृंदासमोर आले.

सामान्य नागरिकांपर्यंत यादी पोहोचली ती मात्र अधिक साध्या रूपात. ब्रिटनमध्ये १९७९ साली सुरू झालेल्या ‘प्रेस्टेल’ या सेवेत दूरचित्रवाणी संचावर क्रमांकित विषयांची यादी येई व लहानशा कळफलकावरील आकडा दाबून पुढचे पान मिळविता येई. बँकांची पैसे देणारी यंत्रे व दूरध्वनीवरील ‘अमुकसाठी एक दाबा’ ही स्वयंचलित उत्तरे याच जातीची होत.

वैयक्तिक संगणकावरील आज्ञावल्यांनी वेगळा मध्यममार्ग काढला. १९७८ मध्ये आलेल्या ‘वर्डस्टार’ या लेखनाच्या आज्ञावलीत पडद्याच्या वरच्या भागात आज्ञांची यादी असे. नियंत्रण-कळ व ‘के’ ही कळ दाबून थोडे थांबल्यास त्या गटातील आज्ञांची यादी उमटे. पुढचे अक्षर लगेच दाबल्यास मात्र यादी न येता काम होऊन जाई. सराव वाढल्यावर यादी कायमची कमी करण्याचीही सोय होती. म्हणजे नवख्यास आधार मिळे व जाणत्याचा वेळ जात नसे. ‘व्हिसिकॅल्क’ (१९७९) या कोष्टकांच्या आज्ञावलीत तिरकी रेघ दाबताच केवळ आद्याक्षरांची ओळ दिसे. जानेवारी १९८३ मध्ये आलेल्या ‘लोटस १-२-३’ या आज्ञावलीत आद्याक्षरांऐवजी पूर्ण शब्द आले. बाणांच्या कळांनी शब्दावरून पुढे सरकत गेल्यास त्या त्या शब्दाखाली आज्ञेचा अर्थ किंवा तिच्या पोटातील आज्ञा दाखविणारी दुसरी ओळ उमटे. ज्यांनी कधी संगणक पाहिला नव्हता, असे असंख्य हिशेबनीस ही ओळ वाचत वाचत काम शिकले.

पालो आल्टो येथील कार्य : झेरॉक्स कंपनीने १९७० मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे स्थापन केलेल्या संशोधन केंद्रात आजच्या आज्ञासूचीची घडण झाली. येथे १९७३ मध्ये तयार झालेल्या ‘आल्टो’ या संगणकाला माउस व ठिपक्याठिपक्यांनी चित्र उमटविणारा पडदा होता. ॲलन के (१९४०–  ), डॅन इंगल्स व त्यांचे सहकारी यांच्या ‘स्मॉलटॉक’ या प्रणालीत माउसची कळ दाबताच दर्शकापाशीच उमटणारी व काम होताच नाहीशी होणारी यादी वापरली गेली. यादीने पडद्यावरील जागा कायमची अडविण्याचे कारण उरले नाही.

याच केंद्रातील ‘ब्राव्हो’ या मजकूर-संपादनाच्या आज्ञावलीची एक हकीकत संगणकशास्त्रात वारंवार सांगितली जाते. या आज्ञावलीच्या दोन अवस्था होत्या. एका अवस्थेत दाबलेले अक्षर मजकुरात उमटे, तर दुसरीत तेच अक्षर आज्ञा ठरे. आपण लेखनाच्या अवस्थेत आहोत असे समजून कोणी इंग्रजी ‘एडिट’ हा शब्द टंकित केला, तर त्यातील ‘ई’मुळे सबंध मजकूर निवडला जाई, ‘डी’मुळे तो पुसला जाई, ‘आय’मुळे नवा मजकूर घालण्याची अवस्था सुरू होई आणि राहिलेले ‘टी’ हे अक्षर तेवढे पडद्यावर उमटे. पानेच्या पाने लिहिलेल्या दस्तऐवजाच्या जागी एकच अक्षर शिल्लक राही. वापरणाऱ्याची चूक काय, तर यंत्र कोणत्या अवस्थेत आहे हे त्याच्या लक्षात नव्हते. आणि ती अवस्था ठळकपणे दाखविणे हे यंत्राचे काम होते.

लॅरी टेस्लर (१९४५–२०२०) यांनी अशा अवस्थाभेदांविरुद्ध आयुष्यभर प्रचार केला. टिम मॉट यांच्यासह त्यांनी १९७५ च्या सुमारास ‘जिप्सी’ ही आज्ञावली एका पाठ्यपुस्तक प्रकाशनसंस्थेतील संपादकांसाठी तयार केली. हे संपादक कागदावरील मजकूर कात्रीने कापीत व खळीने दुसऱ्या जागी चिकटवीत. त्यांचे काम प्रत्यक्ष पाहून टेस्लर व मॉट यांनी त्याच क्रिया संगणकात आणल्या. ‘कट’ व ‘पेस्ट’, म्हणजे कापणे व चिकटविणे, हे जगभर पसरलेले शब्द असे मुद्रणव्यवसायातील कात्री-खळीतून आलेले आहेत.

१९८१ मध्ये झेरॉक्सने ‘स्टार’ हा संगणक बाजारात आणला. त्यात आधी वस्तू निवडावयाची व मग तिच्यावर करावयाची क्रिया सांगावयाची, असा क्रम कटाक्षाने पाळला होता. हलविणे, प्रत करणे, पुसणे, पूर्ववत करणे, मदत मागणे इ. मोजक्या क्रियांसाठी कळफलकावर स्वतंत्र कळा होत्या व त्या मजकूर, चित्र, कोष्टक अशा सर्व वस्तूंना सारख्याच लागू पडत. थोडे शब्द सर्वत्र चालावेत, हे तत्त्व ‘स्टार’ने घालून दिले. तथापि एका संगणकाची किंमत सुमारे १६,५०० डॉलर असल्याने त्याचा प्रसार झाला नाही.

लिसा व मॅकिंटॉश : ॲपल कंपनीने जानेवारी १९८३ मध्ये ९,९९५ डॉलर किमतीचा ‘लिसा’ व जानेवारी १९८४ मध्ये २,४९५ डॉलर किमतीचा ‘मॅकिंटॉश’ हे संगणक विक्रीस आणले. बिल ॲटकिन्सन (१९५१–२०२५) यांनी ‘लिसा’साठी आज्ञासूचीचे अनेक आराखडे करून पाहिले. अखेरीस पडद्याच्या वरच्या कडेला शीर्षकांची एक आडवी पट्टी ठेवण्यात आली आणि शीर्षकावर माउसची कळ दाबताच त्याखाली आज्ञांची यादी उलगडू लागली. पट्टी नेमकी कडेला असण्यात एक लाभ आहे. पॉल फिट्स (१९१२–६५) या मानसशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये दाखविल्याप्रमाणे लक्ष्य जितके लहान व दूर, तितका ते गाठण्यास वेळ अधिक लागतो. पडद्याच्या कडेपलीकडे दर्शक जाऊच शकत नसल्याने कडेवरील लक्ष्य व्यवहारात मोठे ठरते व हात नेमका थांबवावा लागत नाही.

नवख्यांच्या उपयोगी पडणारे अनेक संकेत या काळात स्थिर झाले. त्या क्षणी लागू नसलेली आज्ञा यादीतून न काढता फिकट रंगात दाखविली जाऊ लागली. त्यामुळे शब्दाची जागा बदलत नाही आणि असे काम करता येते, पण आत्ता नाही, एवढे कळते. आज्ञेपुढील तीन टिंबे म्हणजे काम लगेच होणार नसून आधी आणखी माहिती विचारली जाणार आहे, अशी खूण होय. आज्ञेसमोर तिच्यासाठी असलेली कळांची जोडीही लिहिलेली असते. रोज यादी उघडणाऱ्याला ती जोडी आपोआप पाठ होते आणि काही दिवसांनी यादी उघडण्याची गरज राहत नाही. पूर्ववत करणे, कापणे, प्रत करणे व चिकटविणे या चार क्रियांना इंग्रजी कळफलकाच्या खालच्या ओळीतील ‘झेड’, ‘एक्स’, ‘सी’ व ‘व्ही’ या लगतच्या कळा देण्यात आल्या. ती योजना आजही चालू आहे.

‘लिसा’च्या चाचण्यांत बाहेरच्या नवख्या माणसांना यंत्रापुढे बसवून त्यांचे निरीक्षण केले जाई. संमतिदर्शक कळीवर प्रथम ‘हे कर’ अशा अर्थाचे ‘डू इट’ हे शब्द होते. इंग्रजी लिपीतील मोठा ‘आय’ व छोटा ‘एल’ सारखेच दिसत असल्याने एका परीक्षार्थीने ते ‘डोल्ट’ म्हणजे ‘मूर्ख’ असे वाचले व यंत्र आपला अपमान करीत आहे, असा त्याचा समज झाला. यानंतर तेथे ‘ओके’ हा शब्द आला. आज्ञासूचीतील शब्द तज्ञाने निवडला, तरी तो नवख्याने वाचून पाहावा लागतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

मूलभूत आज्ञा : बहुतेक आज्ञावल्यांत पट्टीच्या डाव्या टोकाला ‘फाइल’ व ‘एडिट’ ही शीर्षके आढळतात. पहिल्यात सबंध दस्तऐवजासंबंधीच्या व दुसऱ्यात दस्तऐवजाच्या आतील मजकुरासंबंधीच्या आज्ञा असतात. हा भेद लक्षात आला की बाकीची रचना सहज समजते.

‘फाइल’ या शीर्षकाखाली नवा दस्तऐवज करणे, जुना उघडणे, साठविणे, वेगळ्या नावाने साठविणे, छापणे व बंद करणे या आज्ञा येतात. यांपैकी साठविणे ही नवख्यास सर्वांत उशिरा उमगणारी आज्ञा होय. कागदावर लिहिलेले अक्षर लिहिताक्षणीच कायम होते. संगणकात मात्र टंकित मजकूर प्रथम कार्यकारी स्मृतीत राहतो व वीज जाताच ही स्मृती कोरी होते. साठविण्याची आज्ञा दिल्यावर मजकुराची प्रत चकतीवर लिहिली जाते. कागदाच्या जगात या क्रियेला समांतर क्रियाच नसल्याने ती विसरली जाते. वीजपुरवठा बेभरवशाचा असलेल्या प्रदेशांत या विसराची किंमत अनेकांनी दिवसभराच्या श्रमांनी मोजली आहे. वेगळ्या नावाने साठविण्याच्या आज्ञेमुळे मूळ दस्तऐवज जसाच्या तसा राहून बदललेली प्रत निराळी होते. जुन्या पत्रावरून नवे पत्र तयार करताना तिचा उपयोग होतो.

‘एडिट’ या शीर्षकाखालील कापणे व प्रत करणे या आज्ञांनी निवडलेला मजकूर एका तात्पुरत्या साठ्यात जातो. कापल्यास तो मूळ जागेवरून निघतो, प्रत केल्यास तेथेच राहतो. चिकटविण्याच्या आज्ञेने साठ्यातील मजकूर दर्शकाच्या जागी उतरतो. मूळ रचनेत हा साठा एकावेळी एकच मजकूर ठेवतो. त्यामुळे एक परिच्छेद कापून, तो चिकटविण्यापूर्वी दुसरा कापल्यास पहिला साठ्यातून जातो.

पूर्ववत करण्याची आज्ञा या सर्वांत महत्त्वाची मानावी लागेल. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठात १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तयार झालेल्या ‘फ्रेस’ या प्रणालीत ती होती. वॉरन टाइटेलमन (१९४१–२०१३) यांनी १९७० नंतरच्या दशकात लिस्प या भाषेच्या प्रणालीत तिचा विकास केला. ‘लिसा’ व ‘मॅकिंटॉश’मध्ये ती ‘एडिट’ या यादीत अगदी वर आली. आरंभी फक्त शेवटची एक कृती मागे घेता येई. पुढे एकामागून एक अनेक कृती उलट क्रमाने मागे घेणे शक्य झाले. चूक सुधारता येते ही खात्री असली, तरच नवखा माणूस अपरिचित आज्ञा देऊन पाहतो. ‘नक्की पुसावयाचे काय?’ असे दरवेळी विचारणारे यंत्र थोड्याच दिवसांत दुर्लक्षिले जाते व न वाचताच होकार दिला जातो. पुसलेले परत आणून देणारे यंत्र मात्र खरोखर संरक्षण देते.

प्रमाणीकरण : १९८० नंतरच्या दशकात प्रत्येक आज्ञावलीची आज्ञासूची निराळी असे. एक शिकलेला माणूस दुसरीपुढे पुन्हा नवखा ठरे. आयबीएमने १९८७ मध्ये सर्व आज्ञावल्यांत समान शीर्षके व समान कळा असाव्यात, यासाठी नियम प्रसिद्ध केले. त्यांत ‘फाइल’, ‘एडिट’, ‘व्ह्यू’ व ‘हेल्प’ ही शीर्षके आणि मदतीसाठी ‘एफ १’ ही कळ होती. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या नोव्हेंबर १९८५ मध्ये आलेल्या ‘विंडोज’ या प्रणालीच्या १९९० नंतरच्या आवृत्त्यांबरोबर हे संकेत जगभर पसरले. ऑगस्ट १९९५ मधील ‘विंडोज ९५’ या आवृत्तीत पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’ ही यादी आली. माउसच्या उजव्या कळीने त्या त्या वस्तूपुरती आज्ञासूची उघडण्याची पद्धतही तिच्यामुळे सर्वत्र रूढ झाली.

मालकीचा वाद : प्रमाणीकरणाबरोबरच आज्ञासूचीवर कोणाची मालकी असू शकते काय, हा प्रश्न पुढे आला. बोरलँड या कंपनीने ‘क्वाट्रो’ ही कोष्टकांची आज्ञावली तयार करताना ‘लोटस १-२-३’ची सबंध आज्ञासूची पर्यायी म्हणून उपलब्ध करून दिली. तीत पन्नासहून अधिक सूच्या व उपसूच्यांत ४६९ आज्ञा होत्या. लोटस कंपनीने १९९० मध्ये दावा लावला. खालच्या न्यायालयाचा निर्णय लोटसच्या बाजूने लागला. तथापि अपील न्यायालयाने मार्च १९९५ मध्ये तो फिरविला. आज्ञासूची ही यंत्र चालविण्याची रीत असून चित्रफीत दाखविणाऱ्या यंत्रावरील कळांच्या मांडणीप्रमाणेच ती लेखाधिकाराच्या कक्षेत येत नाही, असे या न्यायालयाने म्हटले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जानेवारी १९९६ मध्ये न्यायमूर्तींची मते चार विरुद्ध चार अशी समसमान पडली. त्यामुळे अपील न्यायालयाचा निर्णय कायम राहिला, पण राष्ट्रव्यापी दंडक मात्र निर्माण झाला नाही. लोटसच्या आज्ञा शिकण्यात व त्यांवर आधारित कामांच्या मालिका रचण्यात सामान्य वापरणाऱ्यांनी श्रम घातले होते. कंपनी बदलताच ते वाया जाऊ नयेत, हा या वादातील मर्माचा भाग होता.

मर्यादा व नंतरचे बदल : आज्ञावल्यांतील सोयी वाढत गेल्या तशा याद्याही लांबल्या. यादी किती लांब असावी व तिच्या पोटात किती उपयाद्या असाव्यात, यावर पुष्कळ प्रयोग झाले. १९८१ मधील एका प्रयोगात ६४ पर्याय निरनिराळ्या प्रकारे मांडले असता आठ-आठ पर्यायांच्या दोन पायऱ्या सर्वांत सोयीच्या ठरल्या. दोन-दोन पर्यायांच्या सहा पायऱ्यांत वाट चुकण्याचे प्रमाण वाढे. मायक्रोसॉफ्टच्या ‘ऑफिस २०००’मध्ये क्वचित वापरल्या जाणाऱ्या आज्ञा आपोआप दडविणारी यादी करण्यात आली. परंतु शब्दाची जागा बदलत राहिल्याने वापरणारे गोंधळले व पुढे ती सोडून द्यावी लागली. ‘ऑफिस २००७’मध्ये उलगडणाऱ्या याद्यांच्या जागी चित्रांकित आज्ञांची रुंद पट्टी आली.

भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर शीर्षकांच्या पट्टीला जागाच उरली नाही. तेथे तीन आडव्या रेघांच्या चिन्हामागे यादी ठेवण्याची पद्धत पडली. हे चिन्ह मूळचे ‘स्टार’ संगणकावरील होय. २००७ मध्ये आलेल्या ‘आयफोन’मध्ये आरंभी प्रत करणे व चिकटविणे या आज्ञाच नव्हत्या, त्या २००९ मध्ये देण्यात आल्या. दडलेली यादी जागा वाचविते, परंतु जे दिसत नाही ते आहे हे कळावयाचे कसे, हा लेखी आज्ञांच्या काळातील जुना प्रश्न तिने पुन्हा उभा केला आहे.

मराठीतील आज्ञासूची : १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) ‘जिस्ट’ या तंत्राद्वारे डॉस प्रणालीवर भारतीय लिप्यांत लेखन करण्याची सोय प्रसृत केली. मजकूर देवनागरीत आला, तरी आज्ञावल्यांतील आज्ञा बहुधा इंग्रजीच राहिल्या. मराठी पत्र लिहिणाऱ्या कारकुनालाही ते साठविण्यासाठी इंग्रजी शब्द ओळखावा लागे. २००० नंतरच्या दशकात ‘विंडोज’साठी मराठी आज्ञासूची उपलब्ध झाली आणि ‘ग्नोम’ व ‘केडीई’ या मुक्त प्रणालींचे भाषांतर स्वयंसेवकांनी केले.

या भाषांतरात काही मुद्दे खास मराठीचे आहेत. इंग्रजी ‘ओपन’ या रूपात ‘तू’ व ‘तुम्ही’ हा भेद नाही. मराठीत मात्र ‘उघड’, ‘उघडा’ व ‘उघडणे’ यांतून निवड करावी लागते. ‘उघडा’ असे लिहिल्यास माणूस यंत्राला सांगतो आहे की यंत्र माणसाला, हे संदिग्ध राहते. प्रत्यक्षात ‘उघडा’, ‘साठवा’, ‘चिकटवा’ अशी आदरार्थी रूपेच अधिक रुळली आहेत. एकाच आज्ञेसाठी कोठे ‘साठवा’, कोठे ‘जतन करा’, तर कोठे ‘सेव्ह करा’ असे निरनिराळे शब्द आढळतात. पूर्ववत करणे व रद्द करणे या भिन्न क्रियांत एकच शब्द वापरला गेल्यास नुकसानही संभवते. कळांच्या बाबतीत ‘कॉपी’शी जुळणारे ‘सी’ हे अक्षर ‘प्रत करा’ या शब्दांसमोर निरर्थक होते. आधी वस्तू व मग क्रिया हा ‘स्टार’ने घालून दिलेला क्रम मात्र मराठी वाक्यरचनेशी तंतोतंत जुळतो. ‘कॉपी’ हा शब्द आधी व फाइलीचे नाव मागून लिहिणे हा इंग्रजी वाक्याचा क्रम होय. ‘हे पत्र छापा’ म्हणणाऱ्यास आधी पत्र निवडून मग छापण्याची आज्ञा देणे अधिक स्वाभाविक वाटते.

२००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या ‘एमएस-सीआयटी’ या अभ्यासक्रमामुळे राज्यातील फार मोठ्या वर्गाला या आज्ञांचा परिचय झाला. शासकीय सेवेसाठी संगणक हाताळण्याची अर्हता आवश्यक ठरल्यापासून या मोजक्या शब्दांची ओळख उपजीविकेशी जोडली गेली आहे. तथापि शिकविण्याची भाषा मराठी व पडद्यावरील भाषा इंग्रजी ही स्थिती पुष्कळ ठिकाणी कायम आहे.

२०२० नंतरच्या काळात लिहून वा बोलून साध्या वाक्यात काम सांगण्याची सोय अनेक यंत्रांत आली आहे. यामुळे विशिष्ट सांकेतिक शब्दांचे बंधन राहत नाही; मात्र यंत्राला काय काय सांगता येईल, हे कोरा पडदा आपण होऊन दाखवीत नाही. ते दाखविण्याचे काम गेली सुमारे चार दशके आज्ञासूचीने केले असून नवख्या माणसाच्या दृष्टीने तिची उपयुक्तता अद्याप संपलेली नाही.